ऐकण्यासाठी लिहिलेले गद्य : साने गुरुजींच्या बालवाङ्मयाची ग्रामीण बैठक

१

साने गुरुजींच्या वाङ्मयाविषयी मराठी वाचकवर्गात दोन मते दीर्घकाळ नांदत आलेली आहेत. पहिले मत भक्तीचे आहे. त्यानुसार 'श्यामची आई' हे पुस्तक परीक्षणाचा विषयच नव्हे. ते मुलांच्या हाती द्यावे आणि डोळे पुसावेत. दुसरे मत तक्रारीचे आहे. त्यानुसार हे लेखन भाबडे, अश्रूंनी ओथंबलेले, पुनरुक्तीने पसरट झालेले आणि पदोपदी उपदेश करणारे आहे. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी दिसतात. परंतु एका बाबतीत त्यांचे पूर्ण ऐक्य आहे. दोन्ही मते गुरुजींच्या मनाविषयी बोलतात, त्यांच्या वाक्यांविषयी बोलत नाहीत. त्यामुळे ज्या भाषिक रचनेमुळे हे गद्य लाखो वाचकांपर्यंत पोचले, तिचे वर्णन बहुधा राहूनच गेले आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य मर्यादित आहे. गुरुजींचे बालवाङ्मय हे मूलतः डोळ्यांनी वाचण्याचे गद्य नसून कानांनी ऐकण्याचे गद्य आहे, आणि ही त्याची घडण लेखकाच्या ग्रामीण वाचनजीवनातून व लेखनजीवनातून आलेली आहे. हे एकदा मान्य केले म्हणजे दोष म्हणून दाखविल्या जाणाऱ्या काही गोष्टी कार्य म्हणून ओळखता येतात. आणि जे खरोखर दोष आहेत तेही अधिक स्पष्ट दिसू लागतात. हे प्रतिपाद्य तपासून पाहण्यासाठी लेखाच्या उत्तरार्धात कोकणापासून दूरचा, निराळ्या बोलीचा एक प्रदेश घेतला आहे. तो म्हणजे जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुका. कोकणातील घराची कथा मराठवाड्याच्या काळ्या जमिनीवर ऐकली जाते, तेव्हा तिच्यातील काय टिकते आणि काय बदलावे लागते, हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. ग्रामीण मुलाच्या हाती कोणते गद्य द्यावे आणि ते कसे द्यावे, या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

२

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. त्या वेळेपर्यंत मराठीत मुलांसाठी मुद्रित गद्य निर्माण होऊन सत्तर वर्षे उलटली होती. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ च्या सुमारास इसापच्या कथा आणि 'बाळमित्र' मराठीत आणले. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' मासिक १८८१ मध्ये निघाले, आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' १९०६ मध्ये. या सर्व प्रयत्नांचे मोल मोठे आहे. तथापि त्यांचा गृहीत वाचक ध्यानात घेतला पाहिजे. हा वाचक शाळेत जाणारा, बहुधा शहरातील किंवा मोठ्या गावातील, ज्याच्या घरी मासिकाची वर्गणी भरली जाते आणि जो अंक घेऊन एका कोपऱ्यात बसतो, असा मुलगा होता. ज्ञान कागदावरून एकेका डोळ्याकडे जाते, अशी या गद्याची मूळ कल्पना होती.

पालगडसारख्या गावातील मुलाचा वाङ्मयाशी पहिला संबंध अशा रीतीने येत नसे. घरातील स्तोत्रे, आईच्या व आजीच्या ओव्या, व्रतांच्या कहाण्या, देवळातील कीर्तन आणि पोथीवाचन हे त्याचे ग्रंथालय होते. यांतील प्रत्येक प्रकारात मजकूर एकाच्या मुखात आणि अनेकांच्या कानांत असतो. पोथी वाचली जाते तीही मोठ्याने, थांबत थांबत, अर्थ सांगत. कहाणी तर वाचावयाची नसतेच. हातात अक्षता घेऊन ती ऐकावयाची असते. म्हणजे गुरुजींच्या पिढीतील ग्रामीण मुलाने अक्षर गिरविण्यापूर्वीच कथनाची एक पूर्ण व्याकरणव्यवस्था आत्मसात केलेली असे. कोठे थांबावे, कोणता शब्द पुन्हा उच्चारावा, ऐकणाऱ्याला केव्हा हाक मारावी, फलश्रुती कोठे सांगावी, हे सारे नियम तिच्यात असत.

मुद्रित पुस्तक या जगात दुर्मिळ वस्तू म्हणून येई. 'श्यामची आई'तील 'मोठा होण्यासाठी चोरी' हे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. मुलाने पुस्तकासाठी चोरी करावी, यातील नैतिक धडा सर्वांना परिचित आहे. मात्र त्यामागील वस्तुस्थितीकडे क्वचितच लक्ष जाते. ज्या घरात अन्नवस्त्राची ओढाताण आहे तेथे पुस्तक ही चोरीस उद्युक्त करील इतकी महाग आणि इतकी हवीशी वाटणारी वस्तू आहे. भुकेल्या मुलाने भाकरी चोरण्याच्या कथा अनेक आहेत. पुस्तकाच्या भुकेची अशी कथा विरळ. दापोली, औंध आणि पुणे येथे शिक्षण घेत असताना गुरुजींनी ही भूक भागविली, संस्कृत व इंग्रजी वाङ्मय वाचले आणि तत्त्वज्ञान विषय घेऊन ते एम्. ए. झाले. परंतु पुढे स्वतः मुलांसाठी लिहू लागले, तेव्हा त्यांनी अनुसरली ती पुण्याच्या ग्रंथालयातील गद्याची रीत नव्हे, तर पालगडच्या ओसरीवरील कथनाची रीत. हा केवळ स्वभावाचा परिणाम म्हणता येणार नाही. मधल्या काळात त्यांच्या लेखनाला जी वळणे मिळाली, त्यांचा विचार यासाठी करावा लागेल.

३

१९२४ मध्ये गुरुजी खानदेशातील अमळनेर येथे प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. या छात्रालयात आसपासच्या खेड्यांतून आलेली मुले राहत. त्यांच्यासाठी गुरुजी हाताने लिहिलेले 'छात्रालय दैनिक' चालवीत. बालवाङ्मयाच्या इतिहासात या हस्तलिखिताला मिळावे तितके महत्त्व मिळालेले नाही. मासिकाचा लेखक आपल्या वाचकाला पाहत नाही. या दैनिकाचा लेखक आपले वाचक रोज पंगतीला पाहत होता. काल लिहिलेले आज कोणाला समजले नाही, कोण कंटाळला, कोणाच्या डोळ्यांत पाणी आले, हे त्याला त्याच दिवशी कळत असे. अशा परिस्थितीत लेखन हे संभाषणाचेच लांबलेले रूप होते. 'विद्यार्थी' हे मासिकही त्यांनी अमळनेरहून चालविले. परंतु वाक्याची घडण ठरली ती या हस्तलिखितात, असे मानण्यास जागा आहे.

१९३० मध्ये नोकरी सोडून गुरुजी कायदेभंगाच्या चळवळीत उतरले आणि लेखनाची पुढील शाळा तुरुंगात भरली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेवर एकेक प्रवचन दिले. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात झालेली ही अठरा प्रवचने गुरुजींनी ऐकता ऐकता उतरवून घेतली, आणि त्यांतून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ सिद्ध झाला. या घटनेचा उल्लेख सहसा विनोबांच्या चरित्रात येतो. गुरुजींच्या शैलीच्या अभ्यासात तिचे स्थान अधिक मोठे असावयास हवे. बोलणाऱ्याचा ओघ मोडू न देता बोललेले वाक्य कागदावर टिकवणे ही एक कठीण विद्या आहे. ती ज्याने सतत चार महिने अभ्यासली, त्याच्या पुढील लेखनात उच्चारित वाक्याचे वळण दिसले तर नवल नाही.

याच वृत्तीचे दुसरे फळ म्हणजे 'स्त्री-जीवन' हा ओव्यांचा संग्रह. स्त्रियांच्या मुखातील ओव्या गोळा करून, त्यांची विषयवार मांडणी करून, त्यांना विवेचनाची जोड देऊन गुरुजींनी तो सिद्ध केला. येथेही ते प्रथम श्रोते आहेत आणि नंतर लेखक. त्यांच्या एकंदर कार्याची ही जोडी डोळ्यांसमोर ठेवली पाहिजे. एका बाजूस तुरुंगातील प्रवचन आणि दुसऱ्या बाजूस जात्यावरील ओवी. दोन्हींची नोंद करणारा हात एकच आहे. मुलांसाठी लिहिणारा लेखक या हातातून घडला.

४

'श्यामची आई' हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात मुख्यतः लिहिले गेले. ९ फेब्रुवारीला सुरू केलेले लेखन १३ फेब्रुवारीला थांबले. चार-पाच दिवसांत एवढा मजकूर कागदावर उतरावा, ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगितली जाते. परंतु जो मजकूर अनेकदा सांगून झालेला आहे, ज्याची वळणे जिभेला ठाऊक आहेत, तो लिहावयास वेळ लागत नाही. छात्रालयातील मुलांना आणि तुरुंगातील सोबत्यांना गोष्टी सांगणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे स्पष्टीकरण अधिक साधे आणि अधिक संभाव्य आहे.

पुस्तकाची रचनाच या अनुमानाला पुष्टी देते. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री श्याम आश्रमातील सोबत्यांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो. एका बैठकीत ऐकून होईल एवढीच प्रत्येक रात्रीची लांबी आहे. रात्रीच्या आरंभी श्रोते जमतात, कोणी उशिरा येतो, कोणी कालची आठवण काढतो. शेवटी मंडळी उठतात. मुद्रित कादंबरीच्या दृष्टीने ही चौकट अनावश्यक वाटेल. पण एखाद्या घरात किंवा वर्गात रोज थोडे थोडे वाचून दाखविणाऱ्यासाठी ती फार सोयीची आहे. कारण पुस्तकातील श्रोते आणि पुस्तकाबाहेरील श्रोते एकाच वेळी जमतात आणि एकाच वेळी उठतात.

आता वाक्याकडे वळू. मराठी लेखी गद्यात, विशेषतः विद्यापीठीय शिक्षण घेतलेल्यांच्या गद्यात, धातुसाधितांची साखळी करून वाक्य लांबविण्याची सोय फार वापरली जाते. पुढील वाक्य नमुन्यादाखल रचलेले आहे : 'घरी येऊन, हातपाय धुऊन, देवाला नमस्कार करून आणि आईने वाढलेले पान पाहून मुलगा हिरमुसला.' डोळ्यांना या वाक्याचा त्रास होत नाही, कारण डोळा मागे जाऊ शकतो. कानाला मात्र मुख्य क्रियापद येईपर्यंत चार क्रिया हातात धरून ठेवाव्या लागतात. सांगणारा हेच असे सांगेल : 'मुलगा घरी आला. त्याने हातपाय धुतले. देवाला नमस्कार केला. आईने पान वाढले होते. त्याने पानाकडे पाहिले. तो हिरमुसला.' प्रत्येक क्रिया पूर्ण होते आणि श्रोता मोकळा होतो. गुरुजींच्या कथनाचे सर्वसाधारण वळण या दुसऱ्या प्रकारचे आहे. छोटी, पूर्ण क्रियापदाची, एकापुढे एक ठेवलेली वाक्ये. मध्येच एखादा प्रश्न. आणि श्रोत्यांना हाक. समकालीन प्रतिष्ठित गद्याशी, म्हणजे फडके यांच्या रेखीव निवेदनाशी किंवा खांडेकर यांच्या अलंकृत वाक्याशी, त्याची तुलना केली असता हा भेद चटकन नजरेस येतो.

दुसरी गोष्ट पुनरुक्तीची. मुद्रित पानावर एकच भाव तीनदा सांगितला तर वाचक कंटाळतो. कथनात पहिला उच्चार काही श्रोत्यांकडून हुकतो. कोणी नुकताच येऊन बसलेला असतो, कोणाचे मूल रडत असते. दुसऱ्या उच्चाराने अर्थ सर्वांपर्यंत पोचतो आणि तिसऱ्याने तो स्मरणात बसतो. ओवीची, आरतीची, कीर्तनातील ध्रुपदाची हीच रीत आहे. गुरुजींच्या पुनरुक्तीचे सगळेच समर्थन यामुळे होत नाही. परंतु तिचे मूळ लेखकाच्या आळसात नाही, एवढे निश्चित.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि तिची दखल फारशी घेतलेली दिसत नाही. हे गद्य आपला शब्दार्थ बरोबर घेऊन चालते. कोकणातील एखादी रीत, एखादे व्रत किंवा एखादी वस्तू कथेत आली की श्याम तिचे वर्णन करतो. कारण आश्रमातील श्रोते सगळे कोकणातील नाहीत. 'पत्रावळ' या प्रकरणात पान लावण्याची कृती कथेचाच भाग होते. 'सांब सदाशिव पाऊस दे' या प्रकरणात पावसासाठी देवाला घालावयाचे साकडे हाच कथेचा विषय आहे. टीपा, परिशिष्टे किंवा कठीण शब्दांची यादी यांची गरज त्यामुळे बरीच कमी होते. एका प्रदेशातील कथा दुसऱ्या प्रदेशात जाऊ शकेल अशी तरतूद लेखकाने चौकटीतच करून ठेवली आहे.

५

एवढे मान्य केल्यावर मर्यादांची नोंद करणे हे टीकेचे कर्तव्य ठरते. ऐकण्याच्या गद्याचे काही दोष त्याच्या स्वरूपातूनच उद्भवतात. पहिला दोष फलश्रुतीचा. कहाणीच्या शेवटी फळ सांगण्याची परंपरा गुरुजींनी उचलली, आणि पुष्कळ रात्रींच्या अखेरीस कथेने आधीच साधलेले तात्पर्य श्यामच्या तोंडून पुन्हा उच्चारले जाते. सांगणारा कुशल असेल तर श्रोत्यांचा चेहरा पाहून हा भाग आखडता घेतो. छापील पानाला ही सोय नाही. म्हणून मुकाट्याने वाचणाऱ्यास उपदेश वाटतो तो पुष्कळदा कथनातून पानावर आलेला, पण पानावर आखडता न आलेला भाग असतो.

दुसरा दोष अश्रूंचा. प्रत्यक्ष बैठकीत सांगणाऱ्याचा कंठ दाटून येणे ही घटना असते. तिला शब्दांची गरज नसते. लेखनात गुरुजी तीच घटना शब्दांनी सांगतात, आणि वारंवार सांगतात. स्वराने करावयाचे काम शब्दावर टाकले की शब्द झिजतो. येथे तक्रार करणाऱ्या टीकाकाराचे म्हणणे रास्त आहे, आणि श्रवणाचा सिद्धांत पुढे करून ते नाकारता येणार नाही.

तिसरी मर्यादा भाषेची नसून दृष्टीची आहे. 'देवाला सारी प्रिय' या प्रकरणात मोळी उचलता न येणाऱ्या वृद्ध महार स्त्रीला मदत करण्यास आई श्यामला सांगते आणि त्यानंतर त्याला स्नान करावयास लावते. आईचे औदार्य खरे आहे, आणि स्नानही खरे आहे. कथा दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे सांगते. मात्र कथा कोणाच्या ओसरीवरून सांगितली जात आहे, हेही येथेच उघड होते. मोळी घेऊन पुढे गेलेल्या स्त्रीच्या घरी त्या रात्री कोणती कथा सांगितली गेली असेल, हा प्रश्न पुस्तकात उद्भवत नाही. लेखक मात्र तेथे थांबला नाही, ही गोष्ट नोंदविली पाहिजे. मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषण केले आणि ते दार उघडले. १९३३ च्या गद्यातील आईला जे ओलांडता आले नाही, ते मुलाने चौदा वर्षांनी कृतीने ओलांडले. परंतु कृती ही कृती होय. तिच्यामुळे ग्रंथातील रिकामी जागा भरून निघत नाही. ती भरून काढण्याचे काम पुढे दलित आत्मकथनांनी, निराळ्या ओसऱ्यांवरून, केले.

६

आता या गद्याला कोकणाबाहेर नेऊन पाहावयाचे आहे. त्यासाठी निवडलेले भोकरदन हे स्थळ भाषेच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. प्राचीन भोगवर्धन ते हेच, असे मानले जाते. 'भोगवर्धन'चे 'भोकरदन' झाले ते कोणा लेखनिकाच्या हातून नव्हे, तर शतकानुशतके नाव उच्चारणाऱ्या लोकांच्या मुखात. केळणा नदीच्या काठचा हा तालुका पूर्वी औरंगाबाद जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा तो त्यात आला. उत्तरेस अजिंठ्याचे डोंगर, पलीकडे खानदेश, पूर्वेस विदर्भाची सीमा. म्हणजे तीन बोलीप्रदेशांच्या सांध्यावरील ही भूमी आहे.

वाचनाच्या दृष्टीने या प्रदेशाचा इतिहास पालगडहून निराळा आहे. 'श्यामची आई' लिहिली गेली तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यमही उर्दूच होते. शाळेत पुढे जाऊ इच्छिणाऱ्या मराठी मुलाला स्वतःच्या भाषेपासून दूर जावे लागत असे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ही परिस्थिती पालटली. परंतु मुद्रित मराठीशी घरोघरचा संबंध येथे उशिरा जुळला, आणि तोपर्यंत मराठी वाङ्मयाचा भार मुखपरंपरेनेच वाहिला. हरिपाठ, भारूड, कीर्तन, पोथी आणि जात्यावरची ओवी ही तिची साधने होत. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून गोळा झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्या हा या परंपरेच्या विस्ताराचा पुरावा आहे. म्हणजे ऐकण्याचे गद्य समजून घेण्याची तयारी असलेला श्रोता येथे होताच.

अडचण पहिल्याच शब्दाला येते. मराठवाड्यातील खेड्यांत आईला पुष्कळ घरी 'आई' म्हणत नाहीत, 'माय' म्हणतात. 'माझी आई' या शब्दयोजनेच्या जागी बोलीत 'मही माय' आहे. पुस्तकातील 'आई' हा शब्द येथील मुलाला परका नाही. पण तो शाळेचा शब्द आहे, हाकेचा नव्हे. ज्या पुस्तकाचा सगळा प्राण एका हाकेत आहे, त्या पुस्तकाच्या बाबतीत हा भेद किरकोळ म्हणता येणार नाही. 'पाणी'चे 'पानी', 'होते'चे 'व्हते' हे उच्चारभेद श्रोता सहज ओलांडतो. कारण तेथे ध्वनी बदलतो, नाते बदलत नाही. 'आई' आणि 'माय' यांत मात्र अंतर आहे ते घर आणि शाळा यांमधील. मुकाट्याने वाचणाऱ्या मुलाला ते अंतर एकट्याने कापावे लागते. मोठ्याने वाचून दाखविणारा शिक्षक किंवा थोरली बहीण एखाद्या संवादात नकळत 'माय' म्हणून जाते आणि अंतर मिटते. गुरुजींचे गद्य असा बदल सहन करते. त्याची वाक्ये इतकी सुटी आहेत की एक शब्द बदलला असता बांधणी ढासळत नाही. अलंकृत गद्यात ही मुभा नसते.

दृश्यांचे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. 'लाडघरचे तामस्तीर्थ' या प्रकरणातील समुद्र भोकरदनच्या मुलाने पाहिलेला नसतो. सांगणाऱ्याला तो उभा करावा लागतो. 'श्यामचे पोहणे' मात्र जसेच्या तसे पोचते, कारण विहीर दोन्हीकडे आहे आणि पाण्याची पहिली भीतीही दोन्हीकडे सारखीच. पत्रावळीला पळस पुरेसा आहे. पावसाची आळवणी करणाऱ्या प्रकरणाला तर येथे अधिक गंभीर अर्थ प्राप्त होतो. कोकणात पाऊस लांबला तर चिंता वाटते. मराठवाड्यात तो लांबला तर वर्ष जाते. पावसासाठी दारोदार 'धोंडी' फिरविणारी मुले या गावांनी पाहिलेली आहेत. त्यामुळे श्यामच्या गावची आळवणी येथे गोष्ट म्हणून ऐकली जात नाही, अनुभव म्हणून ओळखली जाते.

सर्वांत कमी स्पष्टीकरण लागते ते पुस्तकाच्या उत्तरार्धाला. कर्ज, वसुलीसाठी दारात येणारा माणूस, तेल आहे तर मीठ नाही अशी घरची स्थिती, आणि सर्वांसमक्ष जाणारी अब्रू या प्रकरणांतील एकही शब्द कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही. 'श्यामची आई'चा लौकिक प्रायः मातृप्रेमाची कथा म्हणून आहे. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी काढलेल्या आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या चित्रपटाने तो लौकिक दृढ केला. परंतु मराठवाड्यातील श्रोत्याच्या बाजूने वाचले असता ती एका कर्जबाजारी घराच्या ऱ्हासाची कथाही आहे, आणि आई ही त्या ऱ्हासाचा सर्वाधिक भार सोसणारी व्यक्ती आहे. गुरुजींच्या आईचे निधन १९१७ मध्ये झाले. त्या घराची कोकणी, ब्राह्मणी चौकट बाजूला ठेवूनही कर्जाची प्रकरणे उभी राहतात. एवढेच नव्हे तर अधिक उठावदार दिसतात. टीकेने अश्रूंची मोजदाद करताना या अर्थव्यवहाराकडे दुर्लक्ष केले, ही टीकेची उणीव होय.

७

या विवेचनातून अभ्यासाच्या आणि अध्यापनाच्या दृष्टीने काही गोष्टी निष्पन्न होतात. बालवाङ्मयाच्या शैलीचा विचार करताना लेखकाच्या हेतूइतकाच पुस्तकाच्या वापराचा विचार झाला पाहिजे. पुस्तक कोण वाचतो, कोणाला ऐकवतो, एका वेळी किती ऐकवतो आणि ऐकविताना काय बदलतो, या प्रश्नांची उत्तरे पानावर नाहीत. ती वर्गात, घरात आणि देवळाच्या ओट्यावर शोधावी लागतील. गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकर यांनी त्यांचे स्मारक म्हणून कथा सांगणारी 'कथामाला' उभी केली, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ज्या लेखकाचा वारसा चालविण्यासाठी लोकांना कथाकथनाची चळवळ करावीशी वाटली, त्याचे गद्य कोणत्या जातीचे आहे हे त्याच्या वाचकांनी टीकाकारांच्या आधी ओळखले होते.

दुसरी गोष्ट आजच्या परिस्थितीविषयी. खेड्यातील मुलाच्या हाती आता पुस्तक येते, तसाच मोबाइलही येतो, आणि ध्वनिमुद्रित श्राव्य पुस्तकेही उपलब्ध झाली आहेत. यामुळे ऐकण्याचे गद्य पुन्हा कानापर्यंत पोचेल, ही अपेक्षा काही अंशी योग्य आहे. मात्र ध्वनिमुद्रण आवाज देते. श्रोत्याकडे पाहून थांबत नाही, तात्पर्य आखडते घेत नाही, आणि 'आई'च्या ठिकाणी 'माय' म्हणत नाही. एका नगरातील एकच उच्चार ते सर्व तालुक्यांना सारखाच पुरविते. छात्रालयातील हस्तलिखितात लेखकाला वाचकाचा चेहरा दिसत होता; ध्वनिमुद्रणात तो मुद्रित पुस्तकाइतकाच दूर राहतो.

म्हणून भोकरदनसारख्या तालुक्यात प्राथमिक शिक्षकाचे प्रकटवाचन हे अभ्यासक्रमातील किरकोळ अंग समजून चालणार नाही. तो आपल्या बोलीत थोडे बदलून वाचतो तेव्हा तो पुस्तकाची मोडतोड करीत नसून लेखकाने ठेवलेल्या सोयीचा उपयोग करीत असतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अशा वाचनाच्या प्रत्यक्ष नोंदी कराव्यात, मुद्रित पाठ आणि उच्चारित पाठ शेजारी शेजारी मांडावेत आणि कोणते शब्द बदलले, कोणती वाक्ये गाळली, कोठे भर घातली याची तपशीलवार छाननी करावी. मराठवाडा, खानदेश आणि विदर्भ यांच्या सांध्यावरील गावे या कामासाठी विशेष उपयुक्त आहेत, कारण एकाच पाठाची तीन वळणे तेथे थोड्या अंतरात सापडण्याचा संभव आहे. धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी लेखणी घेऊन ऐकत बसलेल्या माणसाच्या गद्याचा अभ्यास याच पद्धतीने, म्हणजे प्रथम ऐकून आणि मग लिहून, व्हावयास हवा.